लोकांनी राखलेली निवांत बाग

शहराला बाग का हवी, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा मुलांची खेळणी, वृद्धांचे फिरणे आणि शुद्ध हवा यांच्या हिशेबात देतो. परंतु जिथे बसून मनुष्याने काही काळ केवळ स्वतःच्या मनाशी बोलावे, जिला खेळाचा, खाण्यापिण्याचा, विक्रीचा वा समारंभाचा कोणताही हेतू चिकटलेला नसावा, आणि जी तिथे येऊन बसणाऱ्या माणसांच्याच हातांनी उभी राहिलेली असावी, अशा बागेचा विचार आपल्या नगररचनेत क्वचितच होतो. कोल्हापुरासारख्या गजबजलेल्या आणि तरीही अद्याप आपल्या गल्ल्यांना नावानिशी ओळखणाऱ्या शहरात हा विचार आवश्यक आहे आणि शक्यही आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

पाश्चात्त्य देशांत अशा बागांना आता स्वतःचा इतिहास आहे. न्यूयॉर्क शहरात बॉवरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर केरकचऱ्याने भरलेला एक ओसाड भूखंड होता. १९७३ साली लिझ ख्रिस्टी या चित्रकर्तीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो साफ करून तिथे बाग फुलवली, आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या नागरी बागांची जी परंपरा पुढे त्या शहरात रुजली तिचा आरंभ याच कोपऱ्यावरून मानतात. इंग्लंडात १९९२ साली फिलिप रॉडरिक या धर्मोपदेशकाने ‘क्वाएट गार्डन’ चळवळ सुरू केली. ज्यांच्या घराभोवती किंवा प्रार्थनामंदिराभोवती बाग आहे त्यांनी ती ठरावीक वेळी मौन आणि चिंतन यांसाठी इतरांना खुली करावी, एवढेच तिचे साधे सूत्र. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९६ पासून स्टोनर दांपत्याच्या संस्थेने दाट वस्त्यांत आणि रुग्णालयांच्या आवारांत लहान बागा उभारल्या व त्यांतील बाकाखाली एक वही ठेवण्याची प्रथा पाडली; येणारा मनुष्य आपले दुःख, आपली कृतज्ञता, आपला संकल्प तिच्यात नाव न घालता लिहून जातो. या तिन्ही प्रयत्नांचे मर्म एकच आहे: जागा लहान असली तरी चालते, पैसा थोडा असला तरी भागते, परंतु ती जागा आपली म्हणून राखणारी माणसे मात्र असावी लागतात.

कोल्हापूरला ही कल्पना परकी नाही. वडापिंपळाच्या बुंध्याभोवती दगडी कट्टा बांधून केलेला पार हे या मुलखातील सर्वांत लहान उपवन होय. त्यावर पंचायतही बसते आणि दुपारच्या उन्हात वाट चुकलेला एखादा वाटसरूही निवांत टेकतो. पंचगंगेचा घाट स्नानासाठी जितका, तितकाच पाण्याकडे पाहत बसण्यासाठीही बांधलेला आहे. रंकाळ्याच्या काठाशी पाण्यात उभा असलेला संध्यामठ नावानेच आपले प्रयोजन सांगतो. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नरसोबाच्या वाडीला, औदुंबराच्या छायेत आजही माणसे तासन् तास पारायणात किंवा नुसत्या स्वस्थतेत घालवतात. या सर्व जागांना एक गोष्ट समान आहे. त्यांतील शांतता कोणा पहारेकऱ्याच्या दंडुक्याने निर्माण झालेली नाही, येणाऱ्यांनी परस्परांच्या स्वस्थतेचा मान राखल्यामुळे ती टिकली आहे. परंतु १८५४ साली नगरपालिका स्थापन झालेले हे गाव १९७२ साली महानगरपालिका झाले, २०११ च्या जनगणनेत ६६.८२ चौरस किलोमीटरांच्या हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास लोक मोजले गेले, आणि वाहनांचे भोंगे, ध्वनिवर्धक व बांधकामे यांच्या गदारोळात पार आणि घाट यांचा निवांतपणा दिवसेंदिवस आक्रसत गेला. आता नव्या निवांत जागा घडवायच्या, तर जुन्या कशाने टिकल्या होत्या हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

त्यासाठी शहरातून पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या डोंगरकुशीत जावे. शहरात वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पडणारा पाऊस पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरील गगनबावड्यात कित्येक पटींनी कोसळतो, आणि त्या पावसाच्या मुलखात गावाच्या शिवेवर किंवा ओढ्याच्या उगमापाशी एखाद्या वाघजाईचे, रवळनाथाचे किंवा भैरीचे ठाणे असते व त्या ठाण्याभोवती राखलेले रान म्हणजे देवराई. भोवतालचा डोंगर उघडाबोडका झालेला असला तरी या हद्दीत जांभूळ, हिरडा, बेहडा, अंजनी, आंबा, फणस आणि उंबर यांचे जुने वृक्ष उभे असतात, माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली त्यांवरून लोंबत असतात, आणि खाली पानांचा थर इतका साचलेला असतो की पाऊल टाकताच टाचेखालची जमीन दबते व ओलसर मातीचा वास वर येतो. देव कित्येकदा शेंदूर फासलेल्या तांदळ्यापलीकडे काही नसतो, आणि त्याच्यावर छप्परही नसते. रान हेच त्याचे राऊळ.

या रानाचा कायदा कोणत्याही दप्तरात लिहिलेला नसतो, तरी पंचक्रोशीला तो तोंडपाठ असतो. हद्दीत शिरताना वहाणा बाहेर काढाव्यात. कुऱ्हाड, कोयता आत नेऊ नये. उभे झाड तर नाहीच, पडलेले वाळके लाकूडही घरच्या चुलीसाठी उचलू नये. शिकार करू नये. आरडाओरड व भांडणतंटा करू नये. देवळाच्या दुरुस्तीसाठी एखादा वासा लागलाच तर गुरवाकरवी देवाला कौल लावावा, आणि कौल मिळाला तरच, गावकीच्या समक्ष, नेमके तेवढेच झाड घ्यावे. हे निर्बंध पाहणाऱ्याला अंधश्रद्धेचे वाटतील. परंतु त्यांचा परिणाम तपासला तर वाळके लाकूड न उचलल्याने ते कुजून माती सकस होते, पानांचा थर राहिल्याने पाऊस वाहून न जाता मुरतो, मुरलेल्या पाण्याने खालचा झरा मार्गशीर्ष-पौषानंतरही वाहतो, आणि आवाज न करण्याच्या शिरस्त्यामुळे धनेशासारखा बुजरा पक्षीही जुन्या झाडांच्या ढोलीत निर्धास्त घरटे करतो. देवराईतली शांतता ही अशी अनेक लहान संयमांची बेरीज असते.

या गोष्टीचे शास्त्रीय महत्त्व पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवराया पायी हिंडून, त्यांची मोजदाद करून जगापुढे मांडले. कोकणात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवण्यासाठी वर्तकांकडे धाव घेतली होती, आणि त्यामागचे त्यांचे कारण अगदी व्यवहारी होते: राई गेली की तिच्यातून वाहणारे पाणी जाईल, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. श्रद्धा आणि उपयुक्तता यांना आपण जितके परस्परविरोधी मानतो तितके आपले पूर्वज मानीत नव्हते, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

याच भूमीत राजनीतीनेही वृक्षाचा विचार केलेला आहे. गगनबावड्याच्या अमात्य घराण्याचे मूळ पुरुष रामचंद्रपंत यांनी करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५ च्या सुमारास, ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला; आरमारासाठी लाकूड मिळवण्याची तजवीज सांगताना त्यांनी असे बजावले आहे की आंबा-फणसासारखी झाडे रयतेने पुष्कळ वर्षे पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती बळजोरीने तोडली तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही, आणि असे दुःख देऊन साधलेले कार्य चिरकाल टिकत नाही. झाडाची किंमत लाकडाच्या घनफुटांत न करता ते वाढवणाऱ्याच्या ममतेत करणारा हा विचार तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहिला गेला, ही कोल्हापूरने अभिमानाने स्मरावी अशी गोष्ट आहे. आणि लोकांनी लावलेल्या बागेचे खरे संरक्षण कोणते, याचे उत्तरही तिच्यात आहे.

आता निवांत बागेने मनाला नेमके काय मिळते, हे पाहू. मिशिगन विद्यापीठातील रॅचेल व स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली मांडलेल्या विवेचनाचा गाभा असा की कामात, वाहतुकीत, हिशेबात आपण लक्ष प्रयत्नपूर्वक एका जागी धरून ठेवतो व या धारणेची शक्ती थकते. उलट हलणारी पाने, वाहते पाणी, ढगांची चाल यांकडे लक्ष आपोआप, विनासायास जाते आणि तेवढ्या अवधीत थकलेल्या शक्तीला विश्रांती मिळते. रॉजर उल्रिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर सर्वश्रुत आहे: पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले (७.९६ दिवस, तर दुसऱ्या गटाला ८.७० दिवस) आणि तीव्र वेदनाशामकांचीही त्यांना कमी गरज भासली. एका लहान अभ्यासावर सर्व भार टाकणे योग्य नाही, हे खरे. परंतु हिरव्या दृश्याचा शरीराशी संबंध आहे, एवढे त्याने ठसवले.

आवाजाच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडांची एक रांग लावली की रस्त्याचा गोंगाट थांबतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः विरळ रांगेने आवाज फारसा अडत नाही, त्याला दाट झाडोऱ्याचा रुंद पट्टा किंवा मातीचा उंच बांध लागतो. बागेत शिरल्यावर गोंगाट कमी वाटतो तो निराळ्या कारणाने: रस्ता दृष्टिआड झालेला असतो, आणि पानांची सळसळ, पाण्याची धार, बुलबुल व दयाळ यांची गाणी हे जवळचे आवाज दूरच्या भोंग्यांना झाकून टाकतात. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरांचे शांतता क्षेत्र ठरले, जिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. आजाऱ्याला, विद्यार्थ्याला आणि वादी-प्रतिवादीला शांतता लागते हे कायद्याने मानले. शोकाकुल मनुष्याला, थकलेल्या गृहिणीला, परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ती कुठे मिळावी, याची तजवीज मात्र समाजालाच करावी लागणार आहे.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. देवराई देवाच्या धाकाने टिकली; आज तो धाक ओसरला आहे, कित्येक ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली राई तोडून सभामंडप आणि फरशी घातली जात आहे, आणि काही राया अशाही होत्या जिथे स्त्रियांना किंवा विशिष्ट जातींच्या लोकांना मज्जाव होता, तो मज्जाव आपल्याला नव्या बागेत आणायचा नाही. मग संयमाचा आधार कोणता? महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत झालेल्या प्रयत्नांकडे पाहिले तर उत्तराची दिशा दिसते. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ या संस्थेने ओसाड माळांवर लोकसहभागातून नव्या राया उभारल्या व २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरवले, पुण्यात वारज्याच्या टेकडीवर आप्तांच्या स्मरणार्थ लावलेल्या झाडांचे स्मृतिवन झाले, बाणेरच्या टेकडीवर नागरिक सुट्टीच्या सकाळी पाण्याचे डबे वाहून झाडे जगवत आले. कोल्हापुरातच, १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर मुळात सागरमाळाचा उघडा माळ होता. पाणी अडवून आणि झाडे लावून तो असा पालटला की तिथे आज मोर हिंडताना दिसतात, आणि या पालटात विद्यार्थी व कर्मचारी यांच्या श्रमदानाचाही वाटा आहे.

या सर्व प्रयत्नांत मला सर्वांत मोलाची वाटते ती आपल्याच जिल्ह्यात रूढ होत असलेली एक चाल. मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करण्याची इकडे रीत आहे. ती रक्षा पंचगंगेत सोडण्याऐवजी अनेक कुटुंबे आता आपल्या शेतात पसरतात आणि तिथे आंब्याचे, चिंचेचे किंवा वडाचे रोप लावतात. ज्या शहरातील नागरिक होळीतल्या शेणी वाचवून पंचगंगा स्मशानभूमीला दान देतात, जिथे महानगरपालिका अंत्यसंस्काराचे साहित्य विनामूल्य पुरवते, त्या शहराला मृत्यू ही सर्वांनी मिळून वाहण्याची गोष्ट आहे हे शिकवावे लागत नाही. परंतु शहरातील बहुसंख्य कुटुंबांना शेत नाही. त्यांच्यासाठी पेठेपेठेत किंवा उपनगरात एखादे स्मृतीचे उपवन असावे, जिथे आजोबांच्या नावाचे बकुळीचे झाड नातवाने जगवावे, यापरते बागेला दुसरे संरक्षण कोणते? रामचंद्रपंतांनी ज्या ममतेचा उल्लेख केला ती ममताच इथे देवाच्या धाकाची जागा घेते. रक्षेविषयी एवढी दक्षता मात्र घ्यावी की ती क्षारधर्मी असल्याने कोवळ्या मुळांवर थेट ओतू नये. रुंद जागेत पातळ पसरून माती आणि शेणखत यांत मिसळावी, म्हणजे रोप दगावत नाही.

अशी बाग घडवायची कशी, हेही थोडक्यात सांगणे इष्ट होईल. जागा मोठी नसली तरी चालेल. वसाहतीचा मोकळा भूखंड, ओढ्याचा काठ, शाळेमागची पडीक जमीन यांपैकी काहीही पुरे, परंतु तिची वहिवाट आणि मालकी यांची कागदोपत्री खात्री करून, महानगरपालिकेची लेखी संमती घेऊनच आरंभ करावा, कारण १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्यान्वये एकदा वाढलेले झाड हलवणे वा तोडणे हा पुढे परवानगीचा विषय होतो. पंचगंगेच्या बाजूला जागा असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर स्मरून, पाण्यात काही दिवस उभे राहू शकणारे करंज, उंबर, अर्जुन लावावेत. माळाच्या मुरमाड जमिनीत कडुनिंब, बहावा, कांचन चांगले येतात. सावलीच्या कडेला बकुळ आणि सीताअशोक शोभतात. वडपिंपळ एकच असावा, पण त्याला पुढील शंभर वर्षांची जागा द्यावी. उंच वृक्ष, मधली झुडपे आणि जमिनीलगतची वेलवनस्पती असे तीन थर साधले म्हणजे पक्षी येतात आणि रस्ताही झाकला जातो. बाकांनी एकमेकांकडे तोंड करू नये. प्रत्येकाने झाडाकडे पाहावे. गळलेली पाने जाळू नयेत, आळ्यांतच पसरावीत, हा धडा देवराईचाच आहे.

रोपे लावणे सोपे, जगवणे कठीण. मृगाच्या उत्साहात लावलेली रोपे फाल्गुनानंतर माना टाकतात, म्हणून पहिले तीन उन्हाळे हीच बागेची खरी कसोटी होय. यावर जुना आणि स्वस्त उपाय मडक्याचा आहे: पाणी झिरपू देणारे साधे मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून तोंडावर खापरीचे झाकण ठेवावे, माती कोरडी होईल तसतसे ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओल वरच्या उन्हात उडून जात नाही, आणि मुळे त्या ओलीच्या रोखाने खोल उतरतात. एका घागरीत रोपाचे काही दिवस भागतात, आणि ती भरायला दहा वर्षांचे मूलही पुरते.

ती घागर कोणी भरायची, हे मात्र आधी ठरलेले असले पाहिजे. आपल्या खेड्यांत देवाच्या पूजेची पाळी असते, पाटाच्या पाण्याची पाळी असते, आणि ज्याची पाळी त्याच्यावर गावाची नजर असते. हीच पद्धत बागेला लावावी. कोल्हापुरात त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. इथली तालीम केवळ कुस्तीचा आखाडा नाही. पुराच्या वेळी नाव घेऊन धावणारी, गल्लीतल्या लग्नाकार्यात आणि अंत्ययात्रेत खांदा देणारी ती एक जिवंत लोकसंस्था आहे. एका तालमीने किंवा मंडळाने एक बाग घ्यावी, चैत्र-वैशाखातील पाण्याच्या पाळ्या घरवार लावाव्यात, आणि नियम पाच-सहाच ठेवावेत: ध्वनिवर्धक नाही, फलक नाही, वाढदिवस नाहीत, दूरध्वनीवर बोलणे नाही, फूल तोडणे नाही, आणि प्रवेशाला कोणतीही अट नाही. देणगीदाराचे नाव दगडात कोरण्याचा मोह तर निश्चयाने टाळावा, कारण जिथे एकाचे नाव मोठे होते तिथे बाकीच्यांचे हात हळूहळू मागे सरतात.

पाच जूनला झाडे लावणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत; उणीव आहे ती पुढच्या वैशाखात घागर उचलणाऱ्यांची. म्हणून ज्या पेठेला अशी निवांत बाग हवी असेल तिने रोपांची यादी करण्याआधी पाळ्यांची यादी करावी, आणि ती पुरी भरल्याखेरीज पहिला खड्डा खणू नये. देवराई ज्यांनी राखली ते आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हते, शिकलेले नव्हते आणि रिकामटेकडेही नव्हते. आपल्या वाट्याचा थोडासा संयम आणि थोडेसे श्रम प्रत्येकाने न चुकता दिले, एवढेच त्यांचे भांडवल होते, आणि तेवढे भांडवल कोल्हापूरच्या प्रत्येक गल्लीजवळ आजही आहे.